कौन्सिलचं घर मिळालं, पण पहिलं वर्ष प्रोबेशनचं

इंग्लंडमध्ये वर्षानुवर्षं वेटिंग लिस्टवर काढून एकदाची कौन्सिलच्या (म्हणजे स्थानिक पालिकेच्या, भाड्याच्या) घराची चावी मिळाली, की बहुतेकांना वाटतं आता जन्माची सोय झाली. करारावर मात्र बऱ्याचदा ‘इंट्रोडक्टरी टेनन्सी’ (सुरुवातीचा भाडेकरार) असं छापलेलं असतं, म्हणजे पहिले १२ महिने तुम्ही प्रोबेशनवर. १९९६च्या हाउसिंग ॲक्टने कौन्सिलांना ही मुभा दिली आहे, सक्ती केलेली नाही; म्हणून काही कौन्सिलांत ही पद्धत आहे, काहींत नाही. वर्ष सुरळीत गेलं की सहसा टेनन्सी आपोआप सिक्युअर, म्हणजे भक्कम कायदेशीर संरक्षण असलेली, होते. वेगळा अर्ज करावा लागत नाही. कौन्सिलच्याच एका सिक्युअर घरातून थेट दुसऱ्या घरात गेलात, तर हे प्रोबेशन लागत नाही.

अर्ज कोणाला करता येतो?

स्किल्ड वर्कर किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर कौन्सिलचं घर मिळत नाही. ब्रिटिश नागरिक, आयएलआर (देशात कायम राहण्याची परवानगी) असलेले आणि निर्वासित म्हणून मान्यता मिळालेले लोक अर्ज करू शकतात. पण पासपोर्ट ब्रिटिश असला तरी भारतात बरीच वर्षं राहून नुकतेच परतला असाल, तर तुमचं नेहमीचं वास्तव्य खरंच इथे आहे का, हे तपासलं जातं. आपल्या लोकांचं अडतं ते आणखी एका ठिकाणी: मुलाने खर्चाची लेखी हमी देऊन बोलावलेल्या आईवडिलांकडे आयएलआर असला, तरी हमी देणारा हयात असेल तर पहिली ५ वर्षं ते पात्र ठरत नाहीत. शिवाय त्या हद्दीत अमुक वर्षं राहिलेलं असावं, अशा प्रत्येक कौन्सिलच्या स्वतःच्या अटी असतात.

कागदपत्रांत पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड (व्हिसा ऑनलाइन पडताळण्यासाठीचा), नॅशनल इन्शुरन्स नंबर, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, आधीच्या पत्त्यांचे पुरावे आणि मुलांचे जन्मदाखले साधारण सगळीकडे मागतात. दाखला ग्रामपंचायतीचा आणि मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा, ऐनवेळी धावाधाव नको.

वर्षभरात घर जातं कशामुळे?

शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे जातं आणि भाडं थकल्यामुळेही. भाड्याचं गणित तर पहिल्याच महिन्यात बिघडू शकतं. भाडं बहुधा आगाऊ द्यायचं असतं आणि युनिव्हर्सल क्रेडिटचा (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणाऱ्या सरकारी मदतीचा) पहिला हप्ता अर्जानंतर साधारण ५ आठवड्यांनी येतो. म्हणजे काहीही चूक नसताना खात्यावर थकबाकी दिसायला लागते. टेनन्सी सुरू झाल्या दिवशीच युनिव्हर्सल क्रेडिटच्या ऑनलाइन खात्यातल्या जर्नलमध्ये नवं भाडं नोंदवा आणि हाउसिंग ऑफिसरला ईमेल टाका. फोनवर बोललेलं पुढे कोणी धरत नाही. एक बेडरूम जास्तीची ठरली तर भाड्याच्या मदतीतून १४ टक्के कापले जातात, दोन ठरल्या तर २५. घर स्वीकारण्याआधीच हा हिशेब करा.

कौन्सिलने घर परत घ्यायचं ठरवलं तर आधी कारणांसह लेखी नोटीस द्यावी लागते. ती मिळाल्यापासून १४ दिवसांत फेरविचार मागता येतो. सगळा जीव या १४ दिवसांत आहे, कारण पुढे कोर्टात फारसं काही हाती उरत नाही. नोटीस आणि प्रक्रिया बरोबर असेल तर न्यायाधीशांना ताबा द्यावाच लागतो; ‘थकबाकी फेडतो, संधी द्या’ हे तिथे सहसा चालत नाही. मानवी हक्कांचा मुद्दा मांडता येतो हे सुप्रीम कोर्टाने २०११ साली मान्य केलं, पण तो क्वचितच टिकतो. घर सोडायला मुदतही १४ दिवसांचीच, फारच अडचण असेल तर ६ आठवड्यांपर्यंत.

म्हणून फेरविचारातच जोर लावा. तोंडी सुनावणी हवी असेल तर तेही त्याच १४ दिवसांत लिहून कळवावं लागतं, नाहीतर निर्णय कागदांवरच होतो. सुनावणीला सोबत कोणाला नेता येतं, साक्षीदारही आणता येतात. मूळ निर्णयात नसलेल्या माणसानेच फेरविचार करायचा असतो. घर जाण्याचा लेखी पुरावा हाती असेल तर सरकारी ‘हाउसिंग लॉस प्रिव्हेन्शन ॲडव्हाइस सर्व्हिस’मधून कायदेशीर सल्ला फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो.

कधीकधी कौन्सिल घर न काढता प्रोबेशन ६ महिन्यांनी वाढवते. त्याची नोटीस वर्ष संपण्याच्या किमान ८ आठवडे आधी यायला हवी. तिच्यावरही १४ दिवसांत फेरविचार मागता येतो.

या काळात घरांची अदलाबदल करता येत नाही, पोटभाडेकरू ठेवण्याचा कायदेशीर हक्क नसतो आणि घर विकतही घेता येत नाही. हे वर्ष पुढे खरेदीच्या पात्रतेत मात्र धरलं जातं. पती किंवा पत्नीचं निधन झालं तर सोबत राहणाऱ्या जोडीदाराकडे टेनन्सी जाऊ शकते.

घर हाउसिंग असोसिएशनचं (कौन्सिलऐवजी स्वस्त भाड्याची घरं देणाऱ्या ना-नफा संस्थेचं) असेल तर करारावर बहुधा ‘स्टार्टर टेनन्सी’ असेल, म्हणजे तिथलं प्रोबेशन. तिचे नियम वेगळे आहेत, आणि २०२५च्या रेंटर्स राइट्स ॲक्टमुळे ते बदलताहेत. तेव्हा सही करण्याआधी टेनन्सीचा नेमका प्रकार असोसिएशनकडून लेखी मागून घ्या.