होडीवरची बॅटरी आणि वाटेत हरवणारे व्होल्ट

गंगापूर धरणाच्या जलाशयात शिडाची छोटी होडी वाऱ्यावर चालते, परंतु डोलकाठीवरचा दिवा, खोली मोजणारे यंत्र आणि तळाशी साचलेले पाणी उपसणारा पंप यांना 12 व्होल्टची बॅटरी लागतेच. घरातल्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर बॅटरी त्यासाठी वापरावी, असे मनात येणे स्वाभाविक आहे. मात्र तिच्यातले आम्ल द्रवरूप असते आणि शिडात वारा भरला की होडी चांगलीच कलते, त्यामुळे आम्ल सांडण्याचा धोका राहतो. मोटारीची बॅटरी तर मुळातच वेगळ्या कामाची आहे. तिच्या पातळ पट्ट्या काही सेकंद शेकडो ॲम्पिअर देण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यामुळे ती वारंवार खोलवर रिकामी केल्यास लवकर निकामी होते. म्हणून काचतंतूंच्या थरात आम्ल धरून ठेवणारी, खोल डिस्चार्ज सोसणारी सीलबंद एजीएम बॅटरी मला अधिक योग्य वाटते.

क्षमता मात्र अंदाजाने ठरवू नये. 2 वॅटचा एलईडी दिवा 10 तास, 3 वॅटचे यंत्र 6 तास आणि 48 वॅटचा पंप अर्धा तास चालला, तर एकूण 62 वॅट-तास, म्हणजे सुमारे 5 ॲम्पिअर-तास खर्च होतात. दोन दिवसांचे 10 झाले. शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून 20, आणि तिचे वय वाढणार हे धरून 26 ॲम्पिअर-तासांची बॅटरी घ्यावी. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी वजनाने निम्म्याहून हलकी असते व अधिक खोलवर वापरता येते. तिला मात्र तिच्याच जातीचा चार्जर हवा.

पावसाळ्यात होडी उभी राहते, तेव्हा शिसे-आम्ल बॅटरी अर्धवट चार्ज ठेवणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे, कारण पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि क्षमता कायमची घटते. चार्जिंगनंतर काही तास विसावलेल्या बॅटरीवर मल्टिमीटर साधारण 12.7 व्होल्ट दाखवतो, 12.2 म्हणजे ती निम्मी रिकामी.

तरीही पंप मंदावला की दोष बॅटरीचाच, असे समजून नवी आणण्याची घाई करू नये. पुष्कळदा दोष गंजलेल्या जोडात असतो, आणि तो सहज सापडत नाही, कारण पंप तारेपासून सोडवून स्विच चालू ठेवला, तर तारेच्या टोकाशी मल्टिमीटर पूर्ण 12.6 व्होल्ट दाखवतो. प्रवाहच नसेल, तर रोधामुळे व्होल्ट कमी होण्याचा प्रश्नच येत नाही. पंप सुरू होऊन 4 ॲम्पिअर वाहू लागले, की अर्ध्या ओहमच्या गंजलेल्या जोडातच 2 व्होल्ट खर्ची पडतात आणि 8 वॅट उष्णता तिथे निर्माण होते. असा जोड हाताला गरम लागतो.

म्हणून पंप चालू ठेवूनच मोजमाप करावे. मल्टिमीटरची एक सुई बॅटरीच्या धन टर्मिनलवर आणि दुसरी पंपाच्या धन तारेवर टेकवावी; जो आकडा दिसेल तो त्या वाटेत हरवलेला व्होल्ट. ऋण बाजूही तशीच तपासावी, कारण तिच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. दोन्हींची बेरीज 12 व्होल्टच्या 3 टक्क्यांहून, म्हणजे 0.36 व्होल्टहून अधिक भरली, तर दुसरी सुई स्विच, फ्यूज, लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे जोडटोक) असा एकेक टप्पा बॅटरीकडे सरकवत न्यावी. ज्या टप्प्यावर आकडा एकदम घसरतो, त्याच्या लगेच पुढे पंपाच्या बाजूला दोष असतो. तिथे काळवंडलेली तार चकचकीत तांबे दिसेपर्यंत कापावी, कल्हईच्या तांब्याच्या तारेवर नवा लग दाबून बसवावा आणि पंप चालवून पुन्हा मोजावे. आकडा खाली आला असेल, तर पंपाचा बदललेला आवाज मल्टिमीटरकडे पाहण्याआधीच ऐकू येतो.