काडतूस तापून उडणे आणि तापून बिघडणे

ग्वाल्हेरला नौतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत कडक नऊ दिवस, लागला की दुपारचा पारा ४५ अंशांना टेकतो. चंबळच्या या पट्ट्यात परवान्याची बंदूक बाळगणारी घरे पुष्कळ आहेत, आणि त्यांत लष्कर-दौलतगंजातली काही मराठी घरेही आहेत. बँकेत किंवा कचेरीत शस्त्र आत नेता येत नाही, म्हणून ते मोटारीच्या डिकीत ठेवून मालक निर्धास्त निघून जातो. उन्हात काडतुसे उडतील, अशी धास्ती घरातले कोणी वडीलधारे बोलून दाखवतात, आणि मालक काही होत नाही म्हणून हसण्यावारी नेतो. दोघांचेही चुकते, कारण तापून उडणे आणि तापून बिघडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोहोंना लागणारी उष्णताही वेगळी आहे.

उडण्याचे आधी पाहू. काडतुसातली धूररहित दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती आपोआप पेटायला साधारण १६० ते १७० अंश सेल्सिअस लागतात. अख्खी काडतुसे तापवून पाहिलेल्या जुन्या अमेरिकी चाचण्यांत पॉइंट टू-टूची (लहान रायफलीची) काडतुसे सुमारे १३५ अंशांना, तर बारा बोअरची (छऱ्यांच्या बंदुकीची) २०० अंशांच्या जवळपास उडाली. आता मोटारीकडे वळू. ॲरिझोनातील टेंपी येथील संशोधकांनी भर उन्हाळ्यात मोजले, तेव्हा तासाभर उन्हात राहिलेल्या गाडीतील हवा सरासरी ४७ अंशांवर आणि डॅशबोर्ड ६९ अंशांवर गेला होता. ग्वाल्हेरची दुपार त्याहून कडक धरली आणि गाडी दिवसभर उभी राहिली असे मानले, तरी १३५ अंश दूरच राहतात. आपोआप उडण्याची खरी जागा म्हणजे सतत झडून तापलेल्या बंदुकीचे चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा. एम-१६ रायफलीतून दोन मिनिटांच्या आत १४० फैरी झाडल्यास चेंबरमधले काडतूस चाप न ओढताही सुटू शकते, आणि अनेक मशिनगनांची रचना फैरी थांबताच चेंबर रिकामे राहील अशी करण्याचे कारणही हेच आहे. मोटारीला आगच लागली तर गोष्ट निराळी. पण तेव्हाही सुटे काडतूस फुटते ते दिशाहीन, आणि गोळीपेक्षा हलके पितळी कवचच अधिक वेगाने उडते. धोका असतो तो भरून ठेवलेल्या बंदुकीचा, कारण तिथे नळी गोळीला दिशा देते.

बिघडणे मात्र ६० अंशांतही सुरू असते, किंबहुना ते कधी थांबतच नाही. नायट्रोसेल्युलोज हळूहळू विघटन पावते आणि त्यातून निघणारे नायट्रोजनचे ऑक्साइड उरलेल्या दारूलाही पोखरू लागतात. हे वायू शोषून घेण्यासाठी कारखान्यात दारूत डायफिनाइलअमाइनसारखे स्थिरक मिसळतात, पण तो साठा मोजकाच असतो. तापमान १० अंशांनी वाढले की विघटनाचा वेग दुपटीहून अधिक वाढतो, म्हणून गार कपाटात अनेक दशके पुरणारे स्थिरक डिकीतल्या काही उन्हाळ्यांत झपाट्याने खर्ची पडते. शिवाय दारूच्या दाण्याच्या पृष्ठभागावरचे मंदक, म्हणजे जळणे हळू ठेवणारा लेप, उष्णतेने आत झिरपते आणि दारूचे जळणे असमान होते. एखाद्या दुपारीने यातले काही जाणवत नाही, आणि फसगत होते ती तिथेच.

या दोन गोष्टी खरोखर एकमेकींना भेटल्या त्या फ्रेंच युद्धनौकांवर. १९०७ मध्ये तूलाँ बंदरात ‘इएना’ आणि १९११ मध्ये तिथेच ‘लिबेर्ते’ स्फोटाने उद्ध्वस्त झाल्या, आणि दोन्ही वेळी बोट रोखले गेले ते बिघडलेल्या ‘बी’ दारूकडे, म्हणजे फ्रेंचांच्या नायट्रोसेल्युलोजच्या धूररहित दारूकडे. कोठारात दारूचा मोठा साठा एकत्र असल्याने विघटनाची उष्णता बाहेर पडू शकत नाही आणि बिघाडाचेच रूपांतर भडक्यात होते. पन्नास काडतुसांच्या डबीत उष्णता अशी कोंडून राहत नाही, म्हणून तिथे काडतूस उडत नाही, नुसते नासते.

माझ्या काकांनी पॉइंट टू-टूची अशी एक डबी एप्रिल ते जून गाडीच्या दाराच्या कप्प्यात राहू दिली होती. उघडली तेव्हा शिशाच्या गोळ्यांवरचे मेण वितळून पुठ्ठ्यावर तेलकट डाग पडले होते आणि गोळ्यांना धूळ चिकटली होती. त्यांतल्या दोन काडतुसांनी नुसती ‘टक’ केली आणि एकाचा आवाज इतका फुसका निघाला की काकांनी पुढची फैर न झाडता नळी तपासली. हा नुसता खबरदारीचा सोपस्कार नव्हे. कमजोर फैरीची गोळी नळीतच अडकून राहिली असेल, तर पुढची फैर नळी फाडू शकते.

आणखी एक परिणाम तात्पुरता असतो, आणि तो बिघाडात मोजू नये. तापलेले काडतूस लगेच झाडले तर दारू वेगाने जळते आणि दाब वाढतो. गार झाल्यावर तो पूर्ववत होतो. धडधाकट रायफलीला हे सहज पेलते. आजोबांच्या काळातल्या, सांधा ढिला झालेल्या दुनळीच्या बाबतीत मी ही जोखीम घेणार नाही.

बंदुकीचे त्या मानाने फार बिघडत नाही. तेल पातळ होऊन ओघळते, लाकडी दस्ता सुकतो आणि दुर्बिणीतले सेल लवकर संपतात. ओघळलेले तेल मात्र भरलेल्या काडतुसाच्या, दारू पेटवणाऱ्या टोपीपर्यंत पोचले तर ती निकामी होऊ शकते. पावसाळ्यात एसीच्या गाडीतून दमट हवेत काढलेल्या नळीवर दव धरते, आणि ते पुसले नाही तर गंज चढतो.

मानेशी हिरवट डाग किंवा चीर दिसणारी काडतुसे वापरू नयेत, कचऱ्यात टाकू नयेत आणि चुलीत तर नाहीच नाही. परवानाधारक विक्रेत्याला किंवा पोलीस ठाण्याला विचारून ती सोपवावीत. चाप ओढूनही फैर झाली नाही, तर नळी सुरक्षित दिशेला रोखून निदान अर्धा मिनिट थांबावे, कारण मंदावलेली टोपी कधी कधी उशिराने पेट घेते.