स्टेशनजवळ मोर्चा काढायचाय? परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

अर्ज परत येतो तो बऱ्याचदा एकाच ओळीमुळे. मार्गाच्या जागी लिहिलेलं असतं "अमुक चौक ते रेल्वे स्टेशन". पोलीस ठाण्याची परवानगी रस्त्यापुरती असते, रेल्वेच्या हद्दीत ती चालत नाही, आणि हद्द म्हणजे फलाट असं समजून बसू नका. रेल्वे कायदा १९८९ चं कलम २(३१) वाचा, त्यात कुंपणाच्या किंवा हद्दीच्या खुणांच्या आतली सगळी जमीन, रूळ, सायडिंग, यार्ड, विजेची यंत्रणा, गोदामं, रेल्वेसाठी बांधलेले रस्ते, अगदी कर्मचाऱ्यांची क्वार्टर्स सुद्धा "रेल्वे" मधेच येतात. म्हणजे स्टेशनबाहेरचा रिक्षा स्टँड जिथे सगळे जमतात ती जागाही रेल्वेची असू शकते, आणि मग तिथे रेल्वेची लेखी परवानगी लागते, जी कोणाकडेच नसते. स्टेशन मास्तर वरच्यांकडे बोट दाखवणार, वरचे आरपीएफकडे (रेल्वे सुरक्षा दलाकडे) पाठवणार, तोवर तारीख गेलेली असते. त्यापेक्षा शेवटचा टप्पा हद्दीच्या अलीकडे ठेवा, ठिकाण नावानिशी लिहा, आणि निवेदन द्यायला चारपाच जणच जातील असं अर्जातच टाका. प्लॅटफॉर्म तिकीट काढून घोषणा द्यायची आयडिया दरवेळी कोणीतरी काढतंच, ते तिकीट म्हणजे परवानगी नाही हो.

बाकी कागद साधे आहेत: आयोजकांचं ओळखपत्र, मार्ग, वेळ, अंदाजे संख्या, स्वयंसेवकांचे नंबर. लाऊडस्पीकरची परवानगी वेगळी घ्या.

आता तारखांचं. अर्जावर शिक्का मारून मिळते ती पोच, परवानगी नाही! लोक पोच घेऊन निवांत घरी जातात. त्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७(३) खाली जमावबंदी निघालेली असेल तर ती आधी बघा, सरकारच्या मंजुरीशिवाय तो आदेश १५ दिवसांपेक्षा जास्त चालत नाही खरं, पण जुना संपला की लगेच नवा निघतो, म्हणून कॅलेंडरवर १५ मोजून तारीख धरू नका, ताजा आदेश मागून घ्या.

रेल रोकोला परवानगी मिळेल का असं विचारणारेही असतात. नाही मिळत. रेल्वे कायद्याच्या कलम १७४ मधे रेल रोको, बंद, रुळावर बसणं सगळं स्पष्ट लिहिलंय, २ वर्षांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. नुसतं हद्दीत घुसलात तरी कलम १४७ आहे. बंद फाटक उघडलं तर ३ वर्षांपर्यंत, तोडलं तर ५ (कलम १६०), आणि जाळपोळ झाली की सार्वजनिक मालमत्ता कायदा १९८४ खाली १० वर्षांपर्यंत जातं.

फाटकावरून मोर्चा जाणार असेल तर झेंड्याच्या काठ्या आडव्या धरा. वर २५,००० व्होल्टची तार आहे, आणि तिला काठी टेकायलाच हवी असं नाही, जवळ गेली तरी करंट बसतो. हे स्वयंसेवकांना आदल्या दिवशीच सांगा, ऐनवेळी घोषणांच्या आवाजात कोणी ऐकत नाही.

भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनो, जानेवारी २०२२ मधे रेल्वेने नोटीसच काढली होती की तोडफोड किंवा गाड्या अडवण्यात सापडलात तर रेल्वेच्या नोकरीला कायमचे मुकाल. केस चालू असेल तर पासपोर्टही अडकतो.