बहिष्कारविरोधी कायद्यामागची दीडशे वर्षं

२०१७ पासून महाराष्ट्रात एखाद्याला वाळीत टाकणं हा गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. कायदा आला तेव्हा चर्चा झाली ती जातपंचायतींची आणि रायगडातल्या गावकीची. जणू हे खेड्यापाड्यांतलंच खूळ. प्रत्यक्षात शिकल्यासवरल्या पुण्याने हे हत्यार मनसोक्त वापरलंय.

१८४८ मध्ये जोतीराव फुल्यांनी मुलींची शाळा काढली. वर्षभरात वडील गोविंदरावांनी मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढलं. गोविंदराव काही दुष्ट नव्हते. लोकांचं दडपण त्यांना सोसवलं नाही. १८५६ मध्ये मुंबई इलाख्यातल्या धारवाडला एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मागितला. सरकारने तो नाकारला, कारण त्याला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील. बहिष्काराच्या नुसत्या भीतीनेच काम झालं!

विधवाविवाहाचा कायदाही १८५६ चाच. पण मुंबईत गाजलेला पुनर्विवाह व्हायला १८६९ उजाडलं, आणि त्यात पुढाकार घेणाऱ्यांवर शंकराचार्यांनी बहिष्कार घातला. बहिष्कार म्हणजे काय, हे आज चटकन ध्यानात येत नाही. भिक्षुक घरी येत नाही. मुंज अडते, श्राद्ध अडतं. मुलीला स्थळ येत नाही, सासरी गेलेल्या लेकीला माहेरी धाडत नाहीत. सुधारकाला एकट्याला झळ लागली असती तर त्याने ती सोसलीही असती. इथे सोसायचं घरच्या बायकांना.

सगळ्यात बोलकं प्रकरण चहाचं. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक सभा झाली. रानडे, टिळक, गोखले अशी मंडळी हजर होती. मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी कपाला नुसता हात लावला. गोपाळराव जोशांनी (डॉ. आनंदीबाईंचे यजमान, मुलखाचे विक्षिप्त) हजर असलेल्यांची नावं ‘पुणे वैभव’मध्ये छापून आणली. झालं! सनातन्यांनी शंकराचार्यांकडे फिर्याद नेली, चौकशीला शास्त्री आले. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांना प्रायश्चित्ताची गरज वाटत नव्हती, पण स्नेह्यांच्या घरची कार्यं अडली म्हणून १८९२ मध्ये त्यांनीही ते घेतलं. हायकोर्टाचा न्यायाधीश होऊ घातलेला माणूस कपभर चहापायी नमतो, यात दोष त्याचा किती आणि भोवतालच्या समाजाचा किती? मला तरी दुसराच जास्त दिसतो.

धोंडो केशव कर्वे मात्र नमले नाहीत. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी लग्न केलं तेव्हा मुरूडकरांनी सभा भरवून ठराव केला: कर्वे गावी येऊन घरच्यांकडे उतरले, तर घरच्यांवरही बहिष्कार. विधवांच्या शिक्षणासाठी त्यांनी काढलेला आश्रम १९०० मध्ये शहराबाहेर, हिंगण्याच्या माळावर गेला. १९१६ च्या महिला विद्यापीठाची सुरुवात त्या माळावरची.

स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने १९४९ मध्ये बहिष्कारबंदीचा कायदा केला. त्याला दाऊदी बोहरा या मुस्लिम समाजाच्या सय्यदनांनी, म्हणजे धर्मप्रमुखांनी, आव्हान दिलं. धर्म टिकवण्यासाठी एखाद्याला समाजाबाहेर काढणं हा धर्मसंस्थेचा हक्क आहे, असं म्हणत सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो कायदा रद्द केला. निकाल चारास एक. कब्रस्तानात जागा मिळेल की नाही, ही सुधारणावादी बोहऱ्यांची धास्ती त्यामुळे कायम राहिली.

२०१६ च्या विधेयकाला विधिमंडळाने एकमताने मंजुरी दिली, तेव्हाही १९६२ चा निकाल उभाच होता. फेब्रुवारी २०२३ मध्ये घटनापीठाने हा प्रश्न नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपवला.