सख्खी की मानलेली? कुरू रोगाचा छडा लावणारा प्रश्न

'हसत हसत मरणारे नरभक्षक' असा एक मजकूर समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरतो. विषय असतो पापुआ न्यू गिनीतल्या फोरे लोकांमधला कुरू हा रोग. काही रुग्णांना अनावर हसू येई हे खरं, पण ते मुख्य लक्षण नव्हे. कुरू म्हणजे थरथर. लहान मेंदूचा ताबा सुटतो, चाल अडखळते, मग काठी लागते, मग बसणंही आधाराशिवाय जमत नाही, शेवटी गिळता येत नाही. साधारण वर्षभरात मृत्यू. 1957 साली व्हिन्सेंट झिगास आणि कार्लटन गाजडुसेक या डॉक्टरांनी या रोगाचं वर्णन प्रसिद्ध केलं तेव्हा वर्षाला 200च्या आसपास माणसं मरत होती. त्यात बहुतेक बाया आणि मुलं होती, प्रौढ पुरुष अगदी थोडे.

रोग कुटुंबाकुटुंबांत चालत होता. ताप नाही, सूज नाही, जंतू सापडत नाही. त्यामुळे तो आनुवंशिक असावा असं वाटणं साहजिक होतं. 1959 साली तसं गणितही मांडलं गेलं: एकच जनुक, स्त्रियांमध्ये प्रभावी आणि पुरुषांमध्ये अप्रभावी. कागदावर ते बसत होतं. ते ज्या वंशावळीवर उभं होतं तिच्यात मात्र गोची होती, आणि ती ओळखली मानवशास्त्रज्ञांनी.

वंशावळ काढणं हे मानवशास्त्राच्या विद्यार्थ्याचं पहिलं हत्यार. डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी 1898 च्या टॉरेस सामुद्रधुनीच्या मोहिमेत ते घडवलं. युक्ती साधी आहे. 'तुझे काका किती?' असं विचारायचंच नाही. वापरायचे पाचच शब्द: आई, बाप, मूल, नवरा, बायको. 'जिच्या पोटी तू जन्मलास तिचं नाव काय? तिची आणखी मुलं कोण, कोणाच्या आधी कोण?' असं एकेक नाव पाटीवर मांडत जायचं. सगळी नावं मांडून झाली की मगच विचारायचं, 'याला तू काय म्हणून हाक मारतोस?' रक्ताचं नातं आणि हाकेचं नातं असे दोन वेगळे तक्ते तयार होतात. एकाच तक्त्यात दोन्ही कोंबले की घोळ होतो. शिवाय लहानपणी गेलेली मुलं सांगायची राहतात, मेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, एका नावाच्या दोघी एकच ठरतात. म्हणून तोच तक्ता दुसऱ्या घरातून पुन्हा ताडून पाहावा लागतो. साल कोणाला माहीत नसतं, तेव्हा 'पहिलं विमान दिसलं त्याच्या आधी की नंतर?' असं विचारून काळ बांधायचा.

मराठी माणसाला हे समजायला सोपं जावं. आत्या, मावशी, मामी, काकू हे आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत, आणि तरी शेजारीण 'मावशी' असतेच. डेक्कन कॉलेजात इरावती कर्व्यांनी भारतभरच्या नातेसंज्ञांचा अभ्यास केला तो अशाच बारकाव्यांसाठी. फोरे लोकांत तर शेजारानं, देवाणघेवाणीनं, एकत्र राहण्यानं जोडलेलं नातंही पक्कं धरलं जाई.

शर्ली लिंडेनबाउम आणि रॉबर्ट ग्लास हे मानवशास्त्रज्ञ 1961 मध्ये ॲडलेड विद्यापीठाच्या आनुवंशशास्त्र विभागामार्फत फोरे भागात गेले आणि वानिताबे गावी राहिले. काम होतं वंशावळींचं. त्यांना दिसलं की एका 'कुटुंबा'तले अनेक रुग्ण एकमेकांच्या रक्ताचे नव्हतेच. दुसरं त्याहून महत्त्वाचं. म्हातारी माणसं आपापल्या गावातला पहिला रुग्ण नावानिशी सांगत. रोग विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमारास उत्तरेकडून शिरला आणि गावागणिक दक्षिणेला सरकला. मुलं होण्याआधीच अनेकींचा जीव घेणारं जनुक दोन-तीन पिढ्यांत इतकं पसरेल कसं? नैसर्गिक निवडीचा रेटा उलटा असताना ते अशक्यच होतं.

मग कोणी काय खाल्लं याची नोंद झाली. मृताला किड्यांच्या हवाली करण्यापेक्षा माया करणाऱ्यांनी खावं, अशी फोऱ्यांची अंत्यविधीची रीत होती. तिला रानटीपणा म्हणणाऱ्या मथळ्यांना त्यातला शोक दिसत नाही. खाणाऱ्या मुख्यतः बाया; मुलगे-मुली आईबरोबर खात; मुलगा सहा-आठ वर्षांचा होऊन पुरुषांच्या घरात राहायला गेला की त्याचं खाणं थांबे. रोगाचा नकाशा याच्याशी तंतोतंत जुळला.

फोऱ्यांचं स्वतःचं स्पष्टीकरण करणीचं होतं: कोणी उष्टं, केस किंवा विष्ठा चोरून पुडकं पुरतो, ते कुजतं तसा माणूस थरथरतो. या भीतीपायी ते खोल संडास खणत, केरकचरा लपवत. गावं स्वच्छ झाली, पण कुरू तसूभर हटला नाही. उलट जाहीर सभांत संशयितांना कबुलीसाठी उभं केलं गेलं. आपल्याकडेही चेटकीण ठरवून बायांना मारहाण होते. असा आरोप एकही रुग्ण वाचवत नाही, कोणाचा तरी जीव मात्र घेतो.

1966 मध्ये कुरूनं मेलेल्यांच्या मेंदूचा अंश टोचलेल्या चिंपांझींना तोच आजार झाल्याचं प्रसिद्ध झालं. पुढे कारण ठरलं प्रायॉन: चुकीची घडी पडलेलं प्रथिन, जे स्वतःसारख्याच पण नीट घडीच्या प्रथिनाला बिघडवतं. रीत 1960च्या सुमारास थांबली होती. म्हणजे त्यानंतर जन्मलेल्यांना रोग होऊ नये, आणि दरवर्षी सगळ्यांत लहान रुग्णाचं वय वाढत जावं. तसंच झालं. आधी लहान मुलांतले रुग्ण संपले, मग तरुणांतले. या शतकाच्या सुरुवातीला आढळलेले शेवटचे रुग्ण बालपणी त्या जेवणांत सामील झालेले होते. काहींच्या शरीरात रोग 50 वर्षांहून अधिक काळ दबून होता.

शेवटी जनुक परतलंच, पण वेगळ्या भूमिकेत. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. प्रायॉन प्रथिनाच्या 129 व्या जागी आईबापांपैकी एकाकडून मेथिओनिन आणि दुसऱ्याकडून व्हॅलिन हे अमिनो आम्ल, असं मिश्रण असलेल्यांना रोग उशिरा झाला किंवा झालाच नाही. त्या जेवणांतून वाचलेल्या म्हाताऱ्या बायकांत असं मिश्रण फार आढळलं. 2009 मध्ये 127 व्या जागचा आणखी एक बदल सापडला. तो कुरूच्या पट्ट्यातल्याच कुटुंबांत होता आणि रुग्णांत नव्हता. त्याचा वारसा शोधताना पुन्हा तोच प्रश्न विचारावा लागतो: कोण कोणाच्या पोटी जन्मलं?