घाम गळतो, पण अंग थंड होत नाही

‘पारा चाळिशीच्या आत आहे, स्लॅब टाकून घेऊ.’ मुंबई-ठाण्याच्या साइटवर एप्रिल-मे महिन्यांत हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच हवं. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या मैदानात उष्माघाताने १४ जण दगावले, तेव्हाही पारा चाळिशीच्या आतच होता. तिथली माणसं तर नुसती उन्हात बसलेली होती. स्लॅबवरचा बिगारी घमेली उचलत असतो.

जड काम करताना शरीरात सुमारे ४०० वॉट उष्णता तयार होते, म्हणजे ६० वॉटच्या जवळजवळ सात जुन्या बल्बांएवढी. ती बाहेर टाकायचा मुख्य मार्ग घाम. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो उडून जावा लागतो. पाण्याचे सर्वांत वेगवान रेणू त्वचेवरून निसटतात आणि जाताना उष्णता घेऊन जातात. एक ग्रॅम घाम उडाला की सुमारे २.४ किलोज्यूल उष्णता गेली. हिशेब मांडला तर ४०० वॉटसाठी तासाला ६०० ग्रॅम घाम उडायला हवा. हनुवटीवरून सळईवर टपकलेला थेंब या हिशेबात धरायचा नाही. शरीरातलं पाणी गेलं, उष्णता मात्र आतच राहिली.

आता घाम किती वेगाने उडेल, ते त्वचेवरच्या आणि हवेतल्या बाष्पाच्या दाबांमधल्या फरकावर ठरतं. ३५ अंशांच्या ओल्या त्वचेवर हा दाब सुमारे ५.६ किलोपास्कल असतो. मुंबईत ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब ३.७; फरक उरला १.९. नागपुरात ४५ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हवेतला दाब १.४, फरक ४.२. तिथली हवा अंगाला उलट तापवते हे खरं, पण घाम दुपटीहून जास्त जोराने उडतो. म्हणून नुसत्या पाऱ्याऐवजी ‘वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर’ हा आर्द्रता आणि ऊनही धरणारा आकडा पाहावा. त्यात ओल्या फडक्याच्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात तापणाऱ्या काळ्या गोळ्याला २० आणि साध्या पाऱ्याला फक्त १० टक्के.

खिशातल्या कांद्याला या समीकरणात कुठेच जागा नाही. कांदा ठेवल्याने ऊन लागत नाही हा समज घातक आहे, कारण त्याच्या भरवशावर माणूस चक्कर येईपर्यंत काम रेटतो.

गंमत अशी की ओल्या स्लॅबचंही सगळं बाष्पीभवनावरच चालतं, फक्त उलट. पृष्ठभागावरचं पाणी खालून वर येणाऱ्या पाण्यापेक्षा वेगाने उडालं, तर काही तासांतच केसासारख्या चिरा पडतात. विदर्भातल्या कोरड्या वाऱ्यात आधी स्लॅब चिरतो, मुंबईच्या दमट दुपारी आधी माणूस कोसळतो. आणि स्लॅब तर मध्येच थांबवता येत नाही, कोल्ड जॉइंट राहतो, म्हणजे घट्ट झालेल्या काँक्रीटशी नवं काँक्रीट नीट एकजीव होत नाही. काँक्रीट हलवून दाबून बसवणारा व्हायब्रेटरवाला मंदावला की मागची सगळी साखळी मंदावते, मिक्सरची गाडी खाली उन्हात उभी राहते, तिच्यातला माल, म्हणजे ओलं काँक्रीट, घट्ट होतो. मग कुणीतरी म्हणतं, ‘जरा पाणी मार, पसरायला जड जातंय.’ ते वाढीव पाणी काँक्रीटची ताकद कायमची कमी करतं. थकलेल्या गड्याला दोष देऊन ती परत येत नाही. वेळापत्रक ज्याने आखलं त्याने आधीच विचार करायला हवा होता.

पहाटे काम सुरू केलं तर मुंबईची आर्द्रता काही कमी होत नाही, पण डोक्यावरचं ऊन टळतं, मालही कमी तापतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे नवा गडी. घाम लवकर आणि भरपूर सुटायची सवय शरीराला एक-दोन आठवड्यांत लागते. म्हणून पहिल्या दिवशी त्याला नेहमीच्या २० टक्के वेळच उन्हात राबवावं, मग रोज २० टक्के वाढवावं. आजारपणातून परतलेल्या जुन्या गड्यालाही सुरुवात कमीपासूनच करू द्यावी. ‘यांना उन्हाची सवय असते’ म्हणणारे मुकादम ही गोष्ट विसरतात.

आणि पाणी: दर १५-२० मिनिटांनी एक पेला, तहान लागायची वाट न पाहता. पिण्याच्या पाण्याचा ड्रम तळमजल्यावर ठेवला तर सातव्या मजल्यावरून दर वीस मिनिटांनी कोण उतरणार? ड्रम स्लॅबच्या कडेला, सावलीत, माणसांच्या हाताशी हवा.