कडक सिगार आणि भरलेल्या चवीची सिगार: क्यूबन कारागिराला नक्की काय मागायचं?

सिगारवाल्यांना आवड विचारली की बहुतेक जण एकच शब्द सांगतात, स्ट्राँग. एकाला स्ट्राँग आवडते, दुसऱ्याला नाही, विषय संपला. पण हवानातल्या दुकानात तोर्सेदोरसमोर, म्हणजे हाताने सिगार वळणाऱ्या कारागिरासमोर बसून "स्ट्राँग बनव" म्हटलं तर तुम्हाला हवी होती ती सिगार मिळेलच असं नाही, कारण या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबून ठेवल्यात. एक ताकद आणि दुसरी चव.

खरं तर मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. आपण म्हणतो ना, "तंबाखू लागली", "सुपारी लागली". डोकं गरगरतं, घाम फुटतो, मळमळतं. हे लागणं म्हणजे ताकद, क्यूबात तिला फोर्तालेसा म्हणतात, आणि ती निकोटिनची असते. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तोंडात खेळवून सोडतात, तरी निकोटिन तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतून रक्तात जातंच, आणि मोठ्या सिगारमध्ये सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी तंबाखू असू शकते, तोंडाच्या आणि घशाच्या कॅन्सरचा धोकाही आहेच, तेव्हा "आत घेत नाही म्हणजे काही होत नाही" हा समज आधी डोक्यातून काढा.

चव म्हणजे जिभेवर आणि नाकात काय आणि किती भरून येतं ते. लाकूड, कॉफी, कोको, चामडं, मिरी, ओल्या मातीचा वास. भरपूर चवीची सिगार अजिबात न लागणारी असू शकते, आणि चवीला सपक सिगार खुर्चीतून उठताना पाय लटपटवू शकते.

हा फरक येतो पानांतून. झाड एकच, पण पान कुठल्या उंचीवरचं यावर बरंच काही ठरतं. खालच्या पानांना वोलादो म्हणतात, ती हलकी, त्यांचं मुख्य काम सिगार नीट जळत ठेवणं. मधली सेको, सुगंधाचा मोठा वाटा त्यांचा. वरची लिगेरो, त्यांना ऊन सगळ्यात जास्त मिळतं म्हणून जाड, तेलकट, हळू जळणारी आणि कडक. वळताना लिगेरो मुद्दाम मधोमध ठेवतात, कडेला आली तर सिगार एका बाजूने वाकडी जळत जाते. काही झाडांना अगदी शेंड्याला मेदिओ तिएम्पो नावाची दोन छोटी पानं येतात, सगळ्या झाडांना येतही नाहीत, 2010 साली आलेल्या कोहिबा बेहिके या क्यूबन सिगारमध्ये तीसुद्धा वापरलीत. म्हणजे ताकद मुख्यतः लिगेरो किती घातलं यावर, आणि चव मात्र सेको, बियाणं, पिनार देल रिओ या तंबाखूच्या प्रांताची माती, फर्मेंटेशन म्हणजे पानं आंबवणं, पान किती मुरलंय या सगळ्यांवर.

इथेच अजून एक घोळ होतो, रंगाचा. बाहेरून काळपट दिसली की लोक म्हणतात, बापरे कडक असणार! तसं नाही. बाहेरचं पान, त्याला कापा म्हणतात, ते एकच पातळ पान असतं, क्यूबात ते कापडाच्या मांडवाखाली वाढवतात. काळपट मादुरो कापा कित्येकदा उलट गोडसर लागतो. ताकद ठरते ती आतल्या पानांवर.

फरक स्वतः अनुभवायचा असेल तर माझ्या मते सगळ्यात चांगली जोडी म्हणजे ओयो दे मोंतेरेयची एपिक्युर नंबर 2 आणि पार्तागासची सेरी डी नंबर 4. दोन्ही रोबुस्तो नावाच्या आकाराच्या, दोन्ही 124 मिलिमीटर लांब, दोन्ही 50 रिंग गेजच्या (रिंग गेज म्हणजे जाडीचं माप), म्हणजे आकाराचा प्रश्नच मिटला. ओयो क्यूबन मोजमापात सगळ्यात सौम्य गटात, पार्तागास कडक गटात. लोक ओयोला सौम्य म्हणून नवशिक्यांची सिगार समजतात ते मला अजिबात पटत नाही, सावकाश ओढली तर तिच्यात लाकूड आणि कोको इतका छान येतो की कमी काय आहे असा प्रश्न पडावा. पण दोन्ही वेगवेगळ्या दिवशी ओढा, आणि जेवून. रिकाम्या पोटी मध्यम सिगारसुद्धा लागते, त्यात कारागिराचा दोष नाही.

आता कारागिराचं. फॅक्टरीत त्याला तुमची आवड सांगून उपयोग नाही, तिथे कुठल्या सिगारमध्ये कुठली पानं किती हे आधीच ठरलेलं असतं आणि त्याला तेवढीच मिळतात. काही दुकानांत मात्र स्वतःचा तोर्सेदोर बसलेला असतो, तो गिऱ्हाइकासाठी वेगळी वळून देतो, आणि तिथे तुम्ही काय बोलता याला खरी किंमत असते. स्ट्राँग, माइल्ड हे शब्द सोडा. कुठली सिगार ओढली आणि कुठपर्यंत गेल्यावर काय झालं ते सांगा. "पार्तागासची चव आवडते पण शेवटी डोकं जड होतं" म्हटलं की त्याला कळतं, लिगेरो कमी करायचं, सेको वाढवायचं. "ओयो छान पण अर्ध्यानंतर तोंडात काही राहत नाही" ही वेगळी तक्रार, तिच्यावर ताकद वाढवणं हा उपाय असेलच असं नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्या हातात नसते, मुरणं. ताज्या वळलेल्या सिगारमध्ये कधी कधी अमोनियासारखा झणका येतो, घशाला टोचतो, आणि लोक त्यालाच ताकद समजून "फार कडक झाली" म्हणतात. ती तिथल्या तिथे ओढून बघा, नाहीतर ह्युमिडॉरमध्ये, म्हणजे सिगार ओलसर ठेवणाऱ्या पेटीत, काही महिने पडू द्या आणि मग ठरवा.

स्पॅनिश येत नसेल तरी एवढं पाठ करून जा: "मुचो साबोर, पोका फोर्तालेसा", म्हणजे चव भरपूर, ताकद कमी. उलटं हवं असेल तर शब्दांची अदलाबदल करा, पण मुचोचं मुचा आणि पोकाचं पोको करायला विसरू नका.